सोयाबीन तेलाचा डिस्टिलेट आणि त्यात साठलेले जीवनसत्त्व ई

तेलबियांच्या प्रक्रियेत जे उरते त्यातून औषधी किंवा पोषक घटक काढण्याविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते आणि त्यातले बहुतेक लेखन पेंडीपासून सुरू होते. पेंड डोळ्यांना दिसते, तिचे ढीग मोठे असतात आणि तिच्यात प्रथिने, फिनॉल, लिग्नन असे बरेच काही असते, हे खरे आहे. मात्र तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात काही वर्षे प्रयोगशाळा सांभाळल्यानंतर, आणि आता हाच विषय विद्यार्थ्यांना शिकवताना, माझे मत असे झाले आहे की पेंडीला टाकाऊ म्हणणेच मुळात चुकीचे आहे. सरकीची ढेप, शेंगदाण्याची पेंड, सोयाबीनची डीओसी (तेल काढून घेतल्यावर उरलेली पेंड) यांना बाजारात रोज भाव निघतो, दुभत्या जनावरांचा आणि कोंबड्यांचा खुराक त्यांच्यावर चालतो, आणि ढेपेचे दर चढले की दूध उत्पादकाचे सगळे गणित कोलमडते. ज्याला खरोखर टाकाऊ म्हणावे असा माल कारखान्याच्या मागच्या बाजूला असतो: सोपस्टॉकची, म्हणजे तेलातून निघालेल्या साबणाची टाकी, रंग उतरवायला वापरून झालेल्या ब्लीचिंग अर्थ या मातीचा ढीग आणि तेलाचा वास घालवणाऱ्या डिओडोरायझरमधून वाफेबरोबर निघालेल्या डिस्टिलेटचे ड्रम. या तिन्हींपैकी सर्वांत कमी निघणारा आणि तरीही सर्वांत मोलाचा माल म्हणजे डिस्टिलेट, आणि आज मला त्याच्याविषयी सविस्तर लिहायचे आहे.

उदाहरणासाठी सोयाबीनच घेतो, कारण मराठवाडा आणि विदर्भातल्या खरिपाचा फार मोठा भाग त्याने व्यापला आहे आणि लातूरच्या बाजारात काय भाव निघाला याकडे राज्यभरचे सोयाबीन उत्पादक लक्ष ठेवून असतात. सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम १८ ते २० टक्के असते. एवढे थोडे तेल नुसते दाबून पूर्ण निघत नाही, म्हणून दाणा भरडून, शिजवून, त्याचे पातळ फ्लेक करतात आणि त्यांवर हेक्झेन हे द्रावक सोडून तेल विरघळवून घेतात. हेक्झेन उडवून परत वापरले जाते, मागे कच्चे तेल राहते आणि दुसऱ्या बाजूला डीओसी बाहेर पडते. हे कच्चे तेल थेट खाण्याजोगे नसते. त्यात पाणी मिसळून आधी फॉस्फोलिपिड हे चिकट घटक खाली बसवतात, ज्यांपासून लेसिथिन मिळते. मग कॉस्टिक सोड्याने मोकळी स्निग्धाम्ले साबणाच्या रूपात काढतात, तोच सोपस्टॉक. पुढे ब्लीचिंग अर्थने रंग उतरवतात आणि सर्वांत शेवटी तेल डिओडोरायझरमध्ये जाते.

डिओडोरायझरचे काम नावाप्रमाणे वास घालवण्याचे आहे. तेल २३० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, दोन ते पाच मिलिबार इतक्या कमी दाबाखाली, त्यातून कोरडी वाफ सोडली जाते. तेलाचे मुख्य रेणू, म्हणजे ट्रायग्लिसराइड, इतके जड असतात की ते जागेवरून हलत नाहीत. हलके रेणू मात्र वाफेबरोबर निघून जातात. वास देणारे आल्डिहाइड आणि कीटोन जातात, उरलीसुरली स्निग्धाम्ले जातात, आणि त्यांच्याबरोबर टोकोफेरॉल (जीवनसत्त्व ई च्या गटातली संयुगे), स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या जातीची वनस्पतीतली संयुगे) आणि थोडे स्क्वालीनही निघून जाते, जे खरे तर घालवायचे नव्हते. ही वाफ निर्वात यंत्रणेत जाऊ नये म्हणून वाटेत स्क्रबर असतो. तिथे थंड केलेल्या डिस्टिलेटचाच फवारा तिच्यावर मारतात आणि सगळे संयुग द्रवरूपात टाकीत जमा होते.

नमुना घ्यायला त्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला की गडद तपकिरी, गरम, काहीसा दाट द्रव बाटलीत पडतो. त्याचा वास पहिल्यांदा घेणाऱ्याला नकोसा होतो: खवट तेल, ओला पुठ्ठा आणि भाजलेल्या दाण्याचा जळका अंश यांचे मिश्रण. शेकडो टन तेलातला वास एका जागी गोळा झालेला असतो, त्यामुळे तो उग्र असणारच. बाटली टेबलावर ठेवून दिली की काही तासांत द्रव घट्ट होतो आणि काचेच्या कडेने फिकट, रवाळ थर धरू लागतो. त्या रवाळपणात स्टेरॉलचा मोठा वाटा असतो. कारखान्यातल्या बहुतेकांच्या दृष्टीने हा ड्रममध्ये भरून द्यायचा वासाळ माल असतो. तो साबणवाल्याकडे जातो, कुठे बॉयलरमध्ये जळतो, आणि आत काय आहे याची चौकशी फारशी होत नाही. मला त्याचे नेहमी वाईट वाटत आले आहे.

कारण आत काय आहे ते आकड्यांत पाहावे. कच्च्या सोयाबीन तेलात टोकोफेरॉल हजार भागांत एक भाग किंवा थोडी अधिक असतात. डिस्टिलेटमध्ये त्यांचे प्रमाण कारखान्याप्रमाणे कमीजास्त होते, पण चांगल्या मालात ते १० टक्क्यांच्या आसपास जाते. स्टेरॉल तितकेच किंवा त्याहून अधिक असतात. याचा अर्थ असा की ज्या घटकाला गोळा करण्यासाठी एरवी द्रावके, गाळण्या आणि बाष्पीभवनाची भांडी लागली असती, तो घटक तेल शुद्ध करताना आपोआप शंभरपट दाट झालेला आहे आणि त्यासाठी लागलेल्या वाफेचा व विजेचा खर्च तेलाच्या हिशेबात आधीच धरलेला आहे. वनस्पतीतून उपयुक्त संयुगे काढण्याच्या कोणत्याही उद्योगात सर्वांत मोठा खर्च विरळ माल दाट करण्यावर होतो. इथे ती पायरी झालेली असते, म्हणून कोणत्या टाकाऊ मालाला आधी हात घालावा असे मला कोणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे.

ढोबळ हिशेब असा मांडता येईल. रोज १०० टन तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यात पाव टक्का डिस्टिलेट धरला तर दिवसाला २५० किलो निघेल आणि त्यात १० टक्के धरून सुमारे २५ किलो टोकोफेरॉल असेल. मूळ तेलात ते १०० किलोहून अधिक होते. म्हणजे बराचसा भाग तेलातच राहिला, आणि तो तिथेच राहिला पाहिजे, कारण तेल लवकर खवट होऊ न देण्याचे काम तोच करतो. डिस्टिलेटला चांगला भाव मिळू लागला की डिओडोरायझरचे तापमान आणखी वाढवून जास्त टोकोफेरॉल ओढून घेण्याचा मोह होऊ शकतो. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. तापमान वाढले की तेलात ट्रान्स स्निग्धाम्ले तयार होऊ लागतात, ज्यांच्यावर भारतात जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ग्राहकाच्या पिशवीत जाणारे तेल आपल्या नैसर्गिक संरक्षणाला मुकते. डिस्टिलेट हा तेलाच्या पाठीमागून येणारा माल आहे आणि त्याच्यासाठी तेलाचा बळी जाता कामा नये.

सगळ्या तेलांचा डिस्टिलेट असा समृद्ध नसतो, हेही इथेच सांगितले पाहिजे. पामतेलासारख्या तेलांचे शुद्धीकरण बहुधा कॉस्टिकशिवाय होते, सगळी मोकळी स्निग्धाम्ले डिओडोरायझरमध्येच उडवली जातात, आणि त्यामुळे डिस्टिलेट भरपूर निघत असला तरी त्यात स्निग्धाम्लांचाच भरणा असतो. सोयाबीनमध्ये फॉस्फोलिपिड अधिक असल्याने कॉस्टिकची पद्धत टिकून राहिली, स्निग्धाम्ले आधीच सोपस्टॉकमध्ये निघून गेली, आणि म्हणून मागे राहिलेल्या थोड्या डिस्टिलेटमध्ये टोकोफेरॉल आणि स्टेरॉल यांचा वाटा मोठा राहिला.

जीवनसत्त्व ई चा शोध १९२२ मध्ये बर्कले येथे हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांनी उंदरांवर प्रयोग करताना लावला. १९३६ मध्ये ते गव्हाच्या अंकुराच्या तेलातून शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले आणि १९३८ मध्ये पॉल कारर यांनी प्रयोगशाळेत तयार केले. स्टेरॉलच्या बाबतीतली गोष्ट मला अधिक जवळची वाटते. पर्सी ज्युलियन हे कृष्णवर्णीय अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. ज्या विद्यापीठात त्यांनी नाव मिळवले तिथे वर्णामुळे त्यांना प्राध्यापकपद नाकारले गेले आणि १९३६ मध्ये ते शिकागोच्या ग्लिडन कंपनीत सोयाबीन विभागाचे संशोधन पाहू लागले. काही वर्षांनी सोयाबीन तेलाच्या एका प्रचंड टाकीत पाणी शिरले आणि तळाशी पांढरा साका जमला. कंपनीच्या दृष्टीने टाकीभर तेल खराब झाले होते. ज्युलियन यांनी तो साका ओळखला, कारण कालाबार नावाच्या आफ्रिकी घेवड्यावर काम करताना तशाच स्फटिकांशी त्यांची गाठ पडली होती. ते स्टिग्मास्टेरॉल हे एक स्टेरॉल होते. त्यापासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर बनवण्याची पद्धत त्यांनी बसवली, आणि जी औषधे तोवर प्राण्यांच्या अवयवांतून कणाकणाने मिळवावी लागत ती सोयाबीनमधून किलोंनी मिळू लागली. तेलाच्या कारखान्यातला साका किंवा गाळ फेकण्याआधी निरखून पाहावा, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ही टाकी असते.

डिस्टिलेटमधून हे दोन्ही घटक वेगळे कसे करायचे, यातली खरी अडचण रेणूंच्या वजनात आहे. सोयाबीनमध्ये सर्वाधिक असणाऱ्या गॅमा टोकोफेरॉलचा रेणुभार सुमारे ४१७ आणि बीटा सिटोस्टेरॉलचा सुमारे ४१५ आहे. इतक्या सारख्या वजनाची दोन संयुगे नुसत्या ऊर्ध्वपातनाने वेगळी होत नाहीत, ती जवळजवळ एकाच वेळी उडतात. त्यातच स्निग्धाम्लांची गर्दी असते, आणि मिश्रण बराच वेळ तापवले तर स्टेरॉल त्यांच्याशी जोडले जाऊन जड एस्टर बनतात आणि भांड्याच्या तळाशी जाऊन बसतात. म्हणून पहिली पायरी म्हणजे स्निग्धाम्लांना वाटेतून बाजूला करणे. त्यासाठी डिस्टिलेटमध्ये मेथॅनॉल आणि आम्ल उत्प्रेरक घालतात, किंवा लायपेज हे विकर वापरतात. स्निग्धाम्लांचे मिथाइल एस्टर होतात, जे बायोडिझेलचेच घटक आहेत. हे एस्टर बरेच कमी तापमानाला उडतात, त्यामुळे निर्वातात त्यांना आधी काढून घेता येते आणि मागे टोकोफेरॉल व स्टेरॉल यांचे दाट मिश्रण राहते.

पुढच्या पायरीवर दोघांमधला एकच मोठा फरक उपयोगी पडतो. टोकोफेरॉल थंड झाले तरी तेलासारखे राहते आणि स्टेरॉल मात्र थंडीत स्फटिक होते. मिश्रण मेथॅनॉलसारख्या द्रावकात गरम करून विरघळवावे, हळूहळू थंड होऊ द्यावे आणि ढवळणे अगदी मंद ठेवावे. घाईने थंड केले तर बारीक पीठ पडते, त्यात तपकिरी तेल अडकून राहते आणि गाळताना कागद तुंबतो. सावकाश थंड केले तर द्रावणात आधी चमचमणारे तुरळक तंतू तरंगताना दिसतात, मग सगळे भांडे मोत्यासारख्या चकाकीच्या पातळ पत्र्यांनी भरून जाते. ते निर्वात गाळणीवर घेऊन बर्फात गार केलेल्या मेथॅनॉलने धुतले की तपकिरी रंग आणि तो उग्र वास खाली निघून जातो आणि वर पांढरा, वासहीन, हाताला किंचित मेणचट लागणारा पदार्थ उरतो. हे स्टेरॉल आहे याची खात्री विद्यार्थ्यांना लीबरमान-बर्कार्ड चाचणीने करून देता येते. क्लोरोफॉर्ममध्ये चिमूटभर स्फटिक विरघळवून ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्लाचे थेंब सोडले की आधी गुलाबी छटा येते, ती निळसर होत जाते आणि शेवटी गडद हिरवी होते. इतक्या घाणेरड्या दिसणाऱ्या मालातून इतका स्वच्छ पदार्थ निघताना पाहिला की पुढचे रसायनशास्त्र मुलांना समजावून सांगणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

गाळून खाली आलेल्या द्रावणात टोकोफेरॉल असते. द्रावक उडवून ते शॉर्ट पाथ डिस्टिलेशनला पाठवतात. या यंत्रात गरम भिंतीवर द्रवाचा पातळ पापुद्रा पसरवला जातो आणि अगदी जवळच थंड पृष्ठभाग असतो, त्यामुळे अतिशय कमी दाबाखाली उडालेला रेणू दुसऱ्या रेणूला न धडकता थेट थंड पृष्ठभागावर जाऊन बसतो. माल काही सेकंदच तापतो, म्हणून जीवनसत्त्व जळत नाही. या तंत्राचा पाया अमेरिकेत ईस्टमन कोडक कंपनीत केनेथ हिकमन यांच्या कामातून घातला गेला. मिळालेले मिश्र टोकोफेरॉल आणखी शुद्ध करून दोन मार्गांनी वापरले जाते. सोयाबीनमधले बहुतांश टोकोफेरॉल गॅमा आणि डेल्टा प्रकारचे असते आणि तेल-तुपाला खवट होण्यापासून वाचवण्यात हे प्रकार उत्तम काम करतात, म्हणून मिश्रण तसेच खाद्यपदार्थांत जाते. आपले शरीर मात्र मुख्यतः अल्फा टोकोफेरॉल धरून ठेवते. त्यामुळे गोळ्यांसाठी गॅमा आणि डेल्टा यांच्यावर मिथाइल गट बसवून त्यांचे अल्फात रूपांतर करतात. पूर्णपणे कृत्रिम रीतीने बनवलेले जीवनसत्त्व ई हे आठ त्रिमितीय रूपांचे मिश्रण असते, तर वनस्पतीतून आलेले एकाच रूपाचे असते आणि वजनास वजन अधिक गुणकारी ठरते. नैसर्गिक मालाला मागणी आहे ती याच कारणाने.

स्टेरॉलचे उपयोगही दोन प्रकारचे आहेत. दिवसाला सुमारे दोन ग्रॅम वनस्पती स्टेरॉल पोटात गेले तर आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाण्याला अडथळा येतो आणि रक्तातले एलडीएल, म्हणजे अपायकारक मानले जाणारे कोलेस्टेरॉल, साधारण ८ ते १० टक्क्यांनी उतरते. फिनलंडमध्ये १९९५ साली या तत्त्वावरचे मार्जरीन बाजारात आले, त्यात मात्र स्टेरॉलला हायड्रोजन जोडून केलेले स्टॅनॉल होते आणि ते प्रामुख्याने पाइनच्या लाकडाच्या लगद्यातून आलेले होते. इथे एक इशारा आवश्यक वाटतो: एलडीएल उतरते हे सिद्ध आहे, पण त्यामुळे हृदयविकाराचे झटके कमी होतात असे थेट दाखवणारी चाचणी झालेली नाही, म्हणून डॉक्टरांची औषधे बंद करून कोणी या गोळ्यांवर विसंबू नये. दुसरा उपयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्युलियन यांच्या काळात फक्त स्टिग्मास्टेरॉल कामाचे होते आणि त्याहून अधिक असलेले सिटोस्टेरॉल पडून राहत असे. पुढे मायकोबॅक्टेरियम गटातल्या जिवाणूंच्या साहाय्याने सिटोस्टेरॉलची लांब शेपटी कुरतडून काढता येऊ लागली आणि अँड्रोस्टीनडायोन नावाचे मधले संयुग मिळू लागले. दमा, सांधेदुखी, त्वचारोग यांवर जी स्टिरॉइड औषधे दिली जातात त्यांतली कित्येक या संयुगापासून बनतात.

आता पेंडीकडे वळतो, कारण तिचा पक्ष न ऐकता निकाल देणे योग्य नाही. विदर्भात जवसाची परंपरा जुनी आहे आणि जवसाच्या ढेपेत एसडीजी या नावाने ओळखले जाणारे लिग्नन, म्हणजे फिनॉल जातीचे एक वनस्पतीजन्य संयुग, असते. आतड्यातले जिवाणू त्याचे एंटेरोलॅक्टोन बनवतात आणि त्यावर जगभर संशोधन चालू आहे. तेल काढलेल्या जवसाच्या पिठात ते साधारण एक ते अडीच टक्के असते, म्हणजे प्रमाण वाईट नाही. पण ते मोकळे नसते. दुसऱ्या एका आम्लाशी साखळीसारखे जोडलेले असते आणि सुटे करायला अल्कलीची प्रक्रिया लागते. शिवाय जवसाच्या सालीत चिकट म्युसिलेज असते. नुसत्या पाण्यात ढेप भिजवली की सगळा लगदा बुळबुळीत होतो, गाळणीच्या कापडावर त्याचा थर बसतो आणि पाण्याचा थेंबही खाली उतरत नाही. साठ-सत्तर टक्के अल्कोहोल वापरले तर म्युसिलेज आखडून बसते आणि द्रावण स्वच्छ गळते, पण मग अल्कोहोल परत मिळवण्याची सोय, अल्कली उदासीन केल्यावर तयार होणारे क्षार आणि ओली झालेली ढेप वाळवण्याचा खर्च हे सगळे मागे लागते. टनभर ढेपेतून दहा-पंधरा किलो लिग्नन काढण्यासाठी उरलेला जवळजवळ सगळा टन जनावरांना निकृष्ट किंवा निरुपयोगी करून ठेवायचा असेल, तर तो व्यवहार मला पटत नाही. मूठभर जवस भाजून केलेल्या चटणीतून तेच लिग्नन घरात कितीतरी स्वस्तात पोटात जाते.

सरकीचे प्रकरण याहून वेगळे आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे विषारी संयुग असते. गाई-म्हशींना ते बऱ्यापैकी सोसते, कारण त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातच त्याचा बराच भाग बांधला जातो, पण कोंबड्या आणि वासरे यांना ते बाधते. तिथे गॉसिपॉल काढल्याने ढेपेचा दर्जा वाढतो, आणि काढलेले गॉसिपॉल संशोधनासाठी उपयोगीही पडते. भाताच्या कोंड्याच्या तेलातले ओरायझॅनॉल हेही असेच लक्षात ठेवण्याजोगे उदाहरण आहे. कच्च्या तेलात ते दीड ते दोन टक्के असते, परंतु ते सौम्य आम्ल असल्याने कॉस्टिक घातले की तेल सोडून सोपस्टॉकमध्ये जाऊन बसते. भंडारा-गोंदिया भागात भातगिरण्यांची कमी नाही, आणि या विषयावर हैदराबादची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था (आयआयसीटी) आणि म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था (सीएफटीआरआय) यांनी भरीव काम केलेले आहे.

डिस्टिलेटची एक बाजू गैरसोयीची आहे आणि ती लपवून चालणार नाही. जे डिओडोरायझर टोकोफेरॉल दाट करते तेच शेतातल्या कीटकनाशकांचे अंश आणि धुरातून आलेली बहुचक्रीय हायड्रोकार्बनेही दाट करते. दाणे धुरकट भट्टीत वाळवले असतील किंवा जुन्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या कीटकनाशकांचा अंश जमिनीत असेल तर तो इथे सापडतो. म्हणूनच युरोपीय संघात असे डिस्टिलेट पशुखाद्यात वापरण्यापूर्वी डायॉक्सिनसाठी तपासावे लागतात. शुद्धीकरणाच्या पुढच्या टप्प्यांत हे अंश काढता येतात, पण त्यासाठी ते तपासले गेले पाहिजेत. वनस्पतीतून आले म्हणजे निर्धोक असते, ही समजूत या मालाच्या बाबतीत धोक्याची आहे. याच कारणाने डिस्टिलेट थेट जनावरांच्या खुराकात मिसळण्याची जी पद्धत कुठे कुठे दिसते ती बंद व्हायला हवी.

लाकडी घाणी चालवणारी काही तरुण मंडळी मला विचारतात की आमच्या तेलातून असे काही काढता येईल का. त्यांच्या तेलावर डिओडोरायझरची प्रक्रिया होत नाही, त्यामुळे टोकोफेरॉल आणि स्टेरॉल तेलातच राहतात आणि काढून घेण्यासारखे वेगळे काही साचत नाही. टाकीच्या तळाशी बसणारी गाद म्हणजे बियांचे बारीक कण आणि फॉस्फोलिपिड. ती ताजी असतानाच पेंडीत मिसळून जनावरांना घालावी, एवढाच तिचा चांगला उपयोग आहे. मेथॅनॉल, हेक्झेन आणि निर्वात यंत्रे यांच्या वाटेला घाणीच्या शेडमध्ये कोणी जाऊ नये. मेथॅनॉल पोटात गेले तर डोळे आणि जीव दोन्ही जातात आणि हेक्झेनची वाफ जमिनीलगत पसरून लांबच्या ठिणगीनेही पेटते.

मोठ्या कारखान्यांच्या बाबतीत मात्र अडचण तंत्राची नाही, माल गोळा करण्याची आहे. दिवसाला २५० किलो डिस्टिलेटवर स्वतंत्र प्रकल्प उभा राहत नाही. तो चालवायला अनेक कारखान्यांचा माल एकत्र यावा लागतो, आणि आज तो ज्या अवस्थेत विकला जातो त्यात एकत्र आणून फारसा उपयोग नाही. उघड्या तोंडाचे ड्रम उन्हात उभे असतात, आतले टोकोफेरॉल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून दररोज थोडे थोडे नष्ट होते, आणि खरेदी करणारा वजनावर एकच दर देत असल्याने ते जपण्यात कोणालाच रस नसतो. दूध संघाने फॅट पाहून भाव द्यायला सुरुवात केली तेव्हा जसे पाणी घालण्यात काही अर्थ उरला नाही, तसे इथे टोकोफेरॉलच्या टक्क्यावर भाव ठरला तर ड्रमची तोंडे आपोआप बंद होतील. साठवणीसाठी फार काही लागत नाही: स्टेनलेस स्टीलची झाकणबंद टाकी, वरच्या रिकाम्या जागेत नायट्रोजन, आणि माल पंप होईल इतपतच, त्याहून अधिक नाही, अशी उष्णता.

टक्का मोजणेही आवाक्यातले आहे. सिलिका स्तंभ आणि प्रतिदीप्ती मोजणारा डिटेक्टर असलेल्या एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर नमुना चालवला, त्यावर २९५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टाकला आणि ३३० नॅनोमीटरच्या आसपास येणारी चमक नोंदवली, की अल्फा, बीटा, गॅमा आणि डेल्टा टोकोफेरॉल याच क्रमाने वेगवेगळ्या शिखरांच्या रूपात कागदावर उतरतात. औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत आणि कृषी विद्यापीठांत एचपीएलसी यंत्रे असतात. जिथे प्रतिदीप्तीचा डिटेक्टर नाही तिथे साध्या यूव्ही डिटेक्टरवरही सोयाबीनच्या डिस्टिलेटचे काम भागते, कारण प्रमाणच इतके मोठे असते. ज्या कारखान्यातल्या केमिस्ट मित्रांना आपल्या मालाचा टक्का जाणून घ्यायचा असेल त्यांनी टाकी आधी नीट फिरवून घ्यावी, म्हणजे तळाचे स्टेरॉल वर येईल. मग नमुना गरम असतानाच तपकिरी काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावा, हवेला जागा ठेवू नये, बाटलीवर तारखेबरोबर डिओडोरायझरचे त्या पाळीचे तापमान आणि दाब लिहावा, आणि प्रयोगशाळेत देईपर्यंत ती फ्रिजमध्ये ठेवावी. पावसाळ्यानंतर आलेल्या नव्या सोयाबीनचा आणि उन्हाळ्यात गोदामातून निघालेल्या जुन्या सोयाबीनचा असे दोन वेगळे नमुने दिले तर अधिक चांगले, कारण दाणा किती काळ साठवला आणि कसा साठवला यावर हा आकडा पुष्कळ खालीवर होतो.